चार वायरींचा ब्रेक कंट्रोलर

अमेरिकेत विक्रीला उभे असलेले छोटे बंद कार्गो ट्रेलर नीट पाहिलेत तर एक गंमत दिसते. एका आसाचा, सहा बाय बारा फुटांचा ट्रेलर. खालचा आस ३,५०० पाउंड पेलणारा. पण स्टिकरवर एकूण वजनाची कमाल मर्यादा छापलेली असते २,९९० पाउंड. यात छपाईची चूक काही नाही. अनेक राज्यांत ट्रेलरचं एकूण वजन ३,००० पाउंडांवर गेलं की त्याला स्वतःचे ब्रेक सक्तीचे होतात. कॅनडात ओंटारियोचा आकडा १,३६० किलो, म्हणजे जवळपास तोच. त्या आकड्याच्या जरासं खाली राहिलं की ब्रेकचा खर्च टळतो आणि ट्रेलर स्वस्तात विकता येतो.

ढोल-ताशा पथकाचं सामान न्यायला, कॅम्पिंगला किंवा बोटीसाठी ट्रेलर घेणाऱ्याला म्हणूनच माझं पहिलं सांगणं असतं, की कायदा मागत नसला तरी ब्रेकवाला ट्रेलर घ्या. होंडा पायलटचं मॅन्युअल तर ट्रेलर १,००० पाउंडांचा झाला तरी त्याला स्वतःचे ब्रेक असावेत असं म्हणतं. गाडी बनवणाऱ्यांनी ती कुठे किती अंतरात थांबते हे मोजलेलं असतं. कायदा करणाऱ्यांनी सगळ्या गाड्यांसाठी एकच रेघ ओढलेली असते.

ट्रेलरला इलेक्ट्रिक ब्रेक असले की ते चालवणारा कंट्रोलर पुढच्या गाडीत लागतो. मोठ्या पिकअप ट्रकांत तो बऱ्याचदा कारखान्यातूनच बसून येतो. पायलट, हायलँडर अशा, इथल्या मराठी घरांसमोर हमखास दिसणाऱ्या एसयूव्हींत तो आपला आपण बसवावा लागतो. हाताला थोडी सवय असेल तर शनिवार-रविवारी घरच्या गॅरेजमध्ये होणारं हे काम आहे. कंट्रोलरमधून वायरी निघतात चारच. त्यातल्या तीन जोडायला हात लागतात, चौथीला डोकं लागतं. नव्या गाड्यांत खरी मेख त्या चौथीतच आहे.

त्याआधी, ज्यांना याची गरजच नाही त्यांना मोकळं करतो. यू-हॉलच्या कार वाहून नेणाऱ्या ट्रेलरला आणि बऱ्याच बोटींच्या ट्रेलरला सर्ज ब्रेक असतात. पुढची गाडी थांबू लागली की ट्रेलर मागून हिचवर दाबतो आणि त्या दाबानेच त्याचे ब्रेक लागतात. तिथे कंट्रोलरचा काही संबंध नाही. ब्रिटन आणि युरोपातल्या कॅरॅव्हॅन याच धर्तीवर चालतात. ऑस्ट्रेलियात दोन्ही प्रकार आढळतात, पण ट्रेलर २,००० किलोच्या वर गेला की सर्व चाकांना ब्रेक आणि ट्रेलर सुटला तर ते आपोआप लागण्याची सोय बंधनकारक आहे. तिथली मंडळी बहुधा रेडआर्कचा कंट्रोलर बसवतात. वायरिंगचं तत्त्व तेच, रंग मात्र तिथल्या पुस्तिकेतले पाहावेत.

आणखी एक गोष्ट. कंट्रोलर बसवल्याने गाडीची ओढण्याची क्षमता वाढत नाही. ऑल-व्हील ड्राइव्ह पायलटची मर्यादा ५,००० पाउंड, फ्रंट-व्हील ड्राइव्हची ३,५००. हायब्रिड हायलँडरही ३,५००वरच थांबते. हिचवर येणारा भार ट्रेलरच्या वजनाच्या १० ते १५ टक्के असतो आणि तो गाडीतल्या माणसांच्या नि सामानाच्या वजनात धरायचा असतो. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर माणसं आणि सामान मिळून किती, तो आकडा दिलेला असतो. पाच जण, मागे भरलेला कूलर आणि हिचवर ४५० पाउंड, हे गणित बऱ्याच एसयूव्हींना जड जातं. हा हिशेब आधी करा, मग पान्हे बाहेर काढा.

ब्रेक चालतात कसे

ट्रेलरच्या चाकाच्या ड्रममध्ये एक विद्युतचुंबक असतो. कंट्रोलरने त्याला वीज दिली की तो फिरत्या ड्रमच्या आतल्या पत्र्याला चिकटू पाहतो आणि त्याच्याबरोबर थोडा ओढला जातो. ओढला जाताना तो एक दांडा हलवतो आणि दांडा ब्रेकचे शू ड्रमवर दाबतो. जितकी वीज जास्त तितकी पकड घट्ट. १० किंवा १२ इंची ड्रमचा एक चुंबक १२ व्होल्टला पावणेचार अँपिअरच्या आसपास घेतो. म्हणजे एका आसाच्या दोन ब्रेकना साडेसात, दोन आसांच्या चार ब्रेकना पंधरा. हे आकडे लक्षात ठेवा. वायरची जाडी, ब्रेकरचा आकार आणि पुढे बिघाड शोधणं, सगळं यांवरच चालतं.

कंट्रोलर दोन जातींचे. टाइम-डिलेवाला स्वस्त असतो. पाय पॅडलवर पडला की ठरलेल्या वेळात ठरलेल्या ताकदीपर्यंत तो वीज वाढवत नेतो. तुम्ही सिग्नलला हळूच थांबताय की पुढे हरीण आलंय, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. प्रपोर्शनल कंट्रोलरच्या पोटात वेग किती झपाट्याने कमी होतोय ते ओळखणारा सेन्सर असतो. तुम्ही जितका जोर लावाल तितकाच तो ट्रेलरला लावतो. टेकोन्शाचे प्रॉडिजी आणि कर्टचा ट्रायफ्लेक्स हे या जातीचे. थोडे पैसे वाचवायला टाइम-डिले घेऊ नका. ट्रेलर, टायर, हिच यांवर एवढा खर्च करून शेवटी ब्रेकशी काटकसर करण्यात काही अर्थ नाही.

तिसरा पर्याय म्हणजे मागच्या सात-पिनी सॉकेटमध्येच खोचायचा आणि फोनवरून सेट करायचा वायरलेस कंट्रोलर, उदाहरणार्थ कर्टचा इको. गाडी लीजवर असेल किंवा डॅशबोर्ड उघडायची इच्छा नसेल तर तो बरा. पण त्यालाही मागे बॅटरीची वायर आणलेलं सात-पिनी सॉकेट लागतंच. म्हणजे निम्मं काम तरी टळत नाही.

आधी डॅशखाली बघा

काहीही विकत घेण्यापूर्वी टॉर्च घ्या आणि ब्रेक पॅडलच्या वर, स्टीअरिंगच्या आजूबाजूला कुठेही न जोडलेला प्लग लोंबतोय का ते बघा. पायलटमध्ये असा चार वायरींचा प्लग असतो. टोयोटाच्या सिकोया आणि टुंड्रात असतो. टो पॅकेज घेतलेल्या जीप ग्रँड चेरोकीतही असतो. त्या-त्या गाडीसाठी तयार अडॅप्टर मिळतो. एक टोक गाडीत, एक कंट्रोलरमध्ये, की झालं. डॅशखाली एकही वायर सोलावी लागत नाही.

पण प्लग दिसला म्हणजे गड सर झाला असं समजू नका. काही गाड्यांत प्लग असतो पण त्याला वीज देणाऱ्या जागी फ्यूज नसतो. तो ट्रेलर किटबरोबर वेगळा येतो. काहींत बॅटरीकडची वायर फ्यूजबॉक्सजवळ सुटीच बांधून ठेवलेली असते. शिवाय पुढे प्लग असला म्हणून मागे सात-पिनी सॉकेट असेलच असं नाही. दिव्यांपुरतं चार-पिनी चपटं कनेक्टर असेल तर ब्रेकची निळी वायर मागे पोहोचलेलीच नसते. मल्टिमीटर घेऊन प्लगच्या चारही पिना तपासा आणि मगच अडॅप्टर मागवा.

प्लग सापडलाच नाही, तर सगळं वायरिंग स्वतः ओढायचं. पुढचा भाग त्यासाठी आहे.

बॅटरीपासून डॅशपर्यंत

बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवा आणि थांबा. टोयोटाचं मॅन्युअल एअरबॅगच्या जवळ काम सुरू करण्याआधी ९० सेकंद थांबायला सांगतं, होंडाचं तीन मिनिटं. तेवढ्यात ट्रेलरची कागदपत्रं वाचून घ्या, पण हे थांबणं वगळू नका. डॅशच्या खालच्या पॅनलमागे बऱ्याच एसयूव्हींत गुडघ्यांची एअरबॅग असते. पिवळ्या वेष्टनातली कुठलीही वायर दिसली तर तिला हात लावायचा नाही.

काळी वायर बॅटरीच्या पॉझिटिव्हकडून येते. तिच्या वाटेवर, बॅटरीच्या अगदी जवळ, आपोआप परत चालू होणारा सर्किट ब्रेकर बसवायचा. दोन किंवा चार ब्रेकच्या ट्रेलरला २० अँपिअरचा. फ्यूज का नको? फ्यूज उडाला की उतारावरसुद्धा तुम्ही ब्रेकविना. हा ब्रेकर तापून तुटला तरी थंड झाल्यावर पुन्हा जोडला जातो. त्यावर दोन स्क्रू असतात, एक तांब्याच्या रंगाचा, एक चंदेरी. तांब्याचा बॅटरीकडे, चंदेरी कंट्रोलरकडे. वायर १२ गेजची चालते, पण लांबी जास्त असते म्हणून मी १० गेजचीच घ्या म्हणेन. गेजचा आकडा जितका लहान तितकी वायर जाड, हे नवख्यांसाठी.

आता ही वायर इंजिनच्या बाजूने केबिनमध्ये आणायची. मधल्या पत्र्याच्या भिंतीतून गाडीच्या मूळ वायरींचा जुडगा ज्या रबरी बुचातून आत येतो ते शोधा. ते बहुतेक वेळा ड्रायव्हरच्या पायांच्या वरच्या बाजूला असतं. आतून ते पाहायचं तर सीट मागे ढकलून डोकं पॅडलखाली घालावं लागतं, आणि दोन-तीन दिवस मान त्याची आठवण करून देते. रबरात मधोमध नाही, कडेला, मूळ जुडग्यापासून लांब, जाड सुईने एक भोक पाडा. कपडे अडकवायच्या तारेचा हँगर सरळ करा, त्याचं टोक घासून बोथट करा, टोकाला वायर चिकटपट्टीने घट्ट गुंडाळा, वरून थोडा साबण लावा आणि इंजिनच्या बाजूने हळूहळू आत सरकवा. जोर लावायचा नाही. कुठे अडलं तर मागे घेऊन कोन बदला. आतून टोक दिसलं की पकडीने ओढून घ्या. नंतर भोकाच्या कडेने सिलिकॉन भरा आणि इंजिनच्या बाजूला वायरला खाली लोंबणारा एक छोटा झोला ठेवा, म्हणजे पावसाचं पाणी वायरीवरून आत न येता तिथून खाली गळून पडतं. पत्र्यात नवं भोक पाडायचा मोह टाळा. पलीकडे काय आहे हे ड्रिलला कळत नसतं.

पांढरी वायर अर्थिंगची. ती डॅशखालच्या कुठल्याही स्क्रूला अडकवून मोकळं होऊ नका. तो स्क्रू प्लॅस्टिकमध्ये असू शकतो किंवा रंगावर बसलेला. बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत नेणं उत्तम. मात्र अलीकडच्या अनेक गाड्यांत निगेटिव्ह टर्मिनलवरच एक छोटा सेन्सर बसवलेला असतो, तो बॅटरीतून किती वीज जाते-येते ते मोजतो. तसं असेल तर थेट टर्मिनलला न जोडता, बॅटरीची मूळ निगेटिव्ह तार बॉडीला जिथे बोल्टने लावली आहे तिथे जोडा. नाहीतर सेन्सरचा हिशेब चुकतो.

लाल वायर

कंट्रोलरला पाय ब्रेकवर पडला हे सांगणारी ही वायर. जुन्या गाड्यांत हे सोपं होतं. पॅडलच्या वर ब्रेक दिव्याचा स्विच, त्याला दोन वायरी, एकीत कायम वीज, दुसरीत पॅडल दाबल्यावरच. दुसरीला लाल जोडली की काम संपलं.

आज त्या स्विचला चार-चार वायरी असतात. एखादीत नेमकं उलटं घडतं, पॅडल सोडलेलं असताना १२ व्होल्ट आणि दाबल्यावर शून्य. ती क्रूझ कंट्रोल बंद करायला असते. काही गाड्यांत स्विच १२ व्होल्ट देतच नाही, कॉम्प्युटरला फक्त एक बारीक इशारा देतो आणि दिवे कॉम्प्युटर लावतो. म्हणून रंगावरून अंदाज नको, मोजून पाहा. त्यासाठी बॅटरी तेवढ्यापुरती परत जोडावी लागेल. बल्बचा जुना टेस्टर इथे वापरू नका, तो स्वतः बरीच वीज ओढतो आणि नाजूक सर्किटला ते सोसेलच असं नाही. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा. काळं टोक पत्र्याच्या उघड्या बोल्टला, लाल टोकाला बारीक सुई. सुई वायरच्या आवरणात टोचण्यापेक्षा प्लगच्या मागून, वायर जिथे आत शिरते तिथून अलगद सरकवा.

पॅडल सोडलेलं असताना शून्य. दाबल्यावर बॅटरीइतके पूर्ण व्होल्ट. सोडल्यावर पुन्हा शून्य. एवढ्यावर खूष होऊ नका. आता घरातल्या कुणाला तरी ड्रायव्हरच्या सीटवर बसवा आणि एकेक करून हेडलाइट, डावा इंडिकेटर, उजवा इंडिकेटर, धोक्याचे चारही दिवे लावायला सांगा. गाडी बंद असताना आणि चालू असतानाही. ब्रेक सोडून इतर कशानेही काटा हलला तर ती वायर तुमची नाही. इंडिकेटरबरोबर वीज येणाऱ्या वायरला लाल जोडलीत, तर वळताना कंट्रोलरला भलताच इशारा जात राहील.

आता मेख. रडार क्रूझ आणि आपोआप ब्रेक लावणाऱ्या गाड्यांत, पाय पॅडलवर नसतानाही गाडी स्वतः वेग कमी करते आणि मागचे लाल दिवे लागतात. हे दिवे पॅडलच्या स्विचकडून नव्हे, तर एका रिलेकडून किंवा कॉम्प्युटरकडून लागतात. तुम्ही लाल वायर पॅडलच्या स्विचवर घेतली असेल तर अशा वेळी कंट्रोलरला पत्ताच नसतो. पुढची गाडी करकचून थांबतेय आणि मागचा टन-दीड टनाचा ट्रेलर मोकळाच तिच्यावर येतोय. म्हणून अशा गाडीत लाल वायर स्विचवर न घेता रिलेच्या पुढे, दिव्याकडे जाणाऱ्या वायरवर घ्यावी. मागच्या काचेवरचा तिसरा ब्रेक दिवा सगळ्यात निर्धोक, कारण त्याचा इंडिकेटरशी संबंध नसतो. ज्या गाडीत एकच लाल बल्ब ब्रेक आणि इंडिकेटर दोन्ही कामं करतो तिथे डाव्या-उजव्या दिव्याची वायर चुकूनही घेऊ नये. तिसऱ्या दिव्याच्या वायरवरही मीटर पूर्ण १२ व्होल्ट दाखवतो ना, ते पाहून घ्या. ट्रेलर ओढताना क्रूझ वापरू नका असं बऱ्याच गाड्यांची मॅन्युअलं बजावतात आणि ते ऐकावंच. पण समोर कोणी आडवं आलं तर आपोआप लागणारा ब्रेक तुमची परवानगी विचारत नाही.

जोड कसा करावा, यावर गॅरेजवाल्यांत पंथ आहेत. गाडीची मूळ वायर कापू नये, यावर मात्र एकमत असावं. लाल वायरीतून नाममात्र वीज जाते, त्यामुळे तिथे चांगल्या प्रतीचा टॅप कनेक्टर चालतो, तोही वायरच्या जाडीला बरोबर बसणारा. काळी आणि निळी यांचं तसं नाही. पंधरा अँपिअर दाबून बसवायच्या निळ्या प्लॅस्टिकच्या चिमट्यातून पाठवायचे नसतात. तिथे नीट क्रिंप केलेला बट कनेक्टर, वरून गरम केल्यावर आवळणारी नळी. क्रिंप केल्यावर दोन्ही बाजूंनी ओढून पाहा. हाताने निघतो तो जोड रस्त्यावर निघणारच.

निळी वायर आणि मागचं सॉकेट

निळी ब्रेकची वीज मागे नेते. दोन वाटा आहेत. एक गाडीखालून, दुसरी आतून, डाव्या दारांच्या उंबऱ्याच्या प्लॅस्टिक पट्ट्यांखालून. खालून न्यायची तर जाळीदार नळीत घालून, मूळ ब्रेक पाइपच्या क्लिपांच्या आधाराने, सायलेन्सरपासून लांब. मिशिगन, न्यू यॉर्क, ओंटारियो अशा, रस्त्यावर मीठ टाकणाऱ्या भागांत मी आतली वाट निवडेन. पट्ट्या उचकटायला प्लॅस्टिकचं पातं वापरा, लोखंडी स्क्रूड्रायव्हर पट्टीवर कायमची खूण सोडतो. आतून नेताना बाजूच्या एअरबॅगच्या पिवळ्या वायरी पुन्हा भेटतील, त्यांच्यापासून दूर राहा.

मागे सात-पिनी सॉकेटच्या रंगांत एक सापळा आहे. ट्रेलरच्या दोन रंगपद्धती आहेत. जुन्या आरव्ही पद्धतीत तपकिरी म्हणजे उजवा इंडिकेटर, हिरवा म्हणजे मागचे साधे दिवे. दुसऱ्या पद्धतीत तपकिरी म्हणजे साधे दिवे आणि हिरवा म्हणजे उजवा इंडिकेटर. ब्रेकचा निळा, अर्थिंगचा पांढरा आणि बॅटरीचा काळा मात्र दोन्हींत सारखेच. प्लग उघडला तर आत बऱ्याचदा प्रत्येक स्क्रूशेजारी खुणेची अक्षरं असतात, त्यांवर चाला. ट्रेलर आधी कुणी दुरुस्त केला असेल तर त्यांवरही नाही. मीटर लावूनच खात्री करा.

दिव्यांसाठी गाडीच्या मूळ वायरींना थेट जोड नको. गाडीला पिवळे इंडिकेटर वेगळे असतील तर ट्रेलरच्या एकाच लाल दिव्यात ब्रेक आणि इंडिकेटर एकत्र करणारा कन्व्हर्टर लागतो. आणि तो बॅटरीवरून स्वतंत्र वीज घेणारा असावा, म्हणजे ट्रेलरच्या दिव्यांचा भार गाडीच्या नाजूक सर्किटवर येत नाही.

बसवणं आणि ताकद ठरवणं

कंट्रोलर ड्रायव्हरच्या उजव्या गुडघ्याच्या वर, हाताला सहज लागेल पण गुडघ्याला लागणार नाही अशा जागी. प्रपोर्शनल असेल तर त्याची दिशा गाडीच्या सरळ रेषेत हवी, नाहीतर आतला सेन्सर चुकीचं वाचतो. किती कललेला चालेल ते पुस्तिकेत असतं. स्क्रू मारण्यापूर्वी त्या पॅनलमागे एअरबॅग नाही याची खात्री करा. शंका असेल तर मधल्या कन्सोलच्या बाजूला ब्रॅकेट लावा.

बॅटरी जोडली, ट्रेलर जोडला, की कंट्रोलरने जोडणी ओळखल्याचा संदेश द्यायला हवा. नसेल तर पुढच्या गाडीला दोष देण्याआधी ट्रेलरच्या प्लगमध्ये निळा आणि पांढरा यांच्यामधला रोध मोजा. दोन ब्रेकचा ट्रेलर असेल तर १.६ ओहमच्या आसपास, चार ब्रेक असतील तर ०.८. आकडा दुप्पट आला तर निम्मे चुंबक जोडलेलेच नाहीत. शून्याकडे झुकला तर कुठेतरी वायर पत्र्याला टेकतेय. एका बाजूच्या चाकाकडून दुसऱ्या बाजूला जाणारी वायर काही ट्रेलरांत आसाच्या पोकळ नळीतून नेलेली असते. हादऱ्यांनी ती आत घासत राहते आणि एक दिवस आवरण जातं. बाहेरून काहीच दिसत नाही. संशय आला तर ती बाहेर काढून आसाच्या मागून नळीतून नेलेली बरी.

ताकद ठरवायला रिकामं पार्किंग आणि कोरडा, सपाट डांबरी रस्ता हवा. ट्रेलर भरलेला हवा; रिकाम्या ट्रेलरवर केलेली सेटिंग भरल्यावर उपयोगाची नाही. ताशी २५ मैलांच्या आसपास गाडी आणा, पाय कशावरही न ठेवता कंट्रोलरचा हाताने चालवायचा खटका पूर्ण ओढा. ट्रेलरने गाडीला मागून ठामपणे धरून ठेवल्यासारखं वाटायला हवं, चाकं मात्र घसरायला नकोत. काहीच जाणवत नसेल तर ताकद वाढवा, चाकं लॉक झाली तर कमी करा. लॉक होण्याच्या किंचित खाली थांबायचं. बऱ्याच कंट्रोलरना बूस्ट नावाची आणखी एक पायरी असते, ती पुढच्या गाडीपेक्षा जड ट्रेलरसाठी. एसयूव्हीमागे ट्रेलर बहुधा हलकाच असतो, तेव्हा बूस्ट बंद ठेवून सुरुवात करा.

ट्रेलर नवा असेल तर पहिल्या दिवशी ब्रेक थोडे ढिले वाटतील. शू आणि ड्रम अजून एकमेकांना बसलेले नसतात. डेक्स्टर या आस बनवणाऱ्या कंपनीचा सल्ला असा, की ४० मैलांवरून २० मैलांवर, साधारण वीस वेळा, मध्ये ड्रम थंड व्हायला भरपूर वेळ देत ब्रेक लावावेत. त्यानंतर ताकद पुन्हा ठरवा, कारण आता तेवढीच वीज जास्त पकड देईल.

पावसात आणि खडीवर ताकद एक-दोन पायऱ्या खाली आणा. वाऱ्याने किंवा शेजारून गेलेल्या ट्रकमुळे ट्रेलर डुलू लागला तर गाडीचा ब्रेक दाबू नका. ॲक्सिलरेटरवरून पाय हलका करा आणि कंट्रोलरचा खटका थोडासा ओढा. मागून ओढ बसली की ट्रेलर सरळ होतो. हा खटका न बघता हाताला सापडायला हवा, म्हणून जागा निवडताना एवढा विचार.

ट्रेलर सुटला तर ब्रेक लावणारी खुंटी आणि तिची छोटी बॅटरी ट्रेलरवरच असते, तिचा कंट्रोलरशी संबंध नाही. तरी एक गोष्ट सांगायला हवी. ती तपासताना आधी ट्रेलरचा प्लग गाडीतून काढा. प्लग लावलेला ठेवून खुंटी ओढली तर ट्रेलरच्या बॅटरीची वीज उलटी कंट्रोलरमध्ये शिरते आणि तो बिघडू शकतो. प्लग काढा, खुंटी ओढा, ट्रेलर हाताने किंवा गाडीने हळूच ओढून चाकं धरली आहेत का पाहा, खुंटी परत बसवा. बॅटरी चार्ज आहे का हे तिच्या दिव्यावरून नाही, मीटरवरून बघा.

हिवाळ्यानंतर पहिल्यांदा ट्रेलर काढाल तेव्हा सॉकेटच्या पिनांवर हिरवट थर आलेला असेल. बारीक ब्रशने आणि कॉन्टॅक्ट क्लीनरने तो घासून काढा, डायइलेक्ट्रिक ग्रीस लावा. अर्थिंगची पांढरी वायर ट्रेलरच्या सांगाड्याला जिथे बसते तो बोल्ट सोडवून गंज खरवडा. ती वायर निकामी असेल तर वीज हिचच्या गोळ्यातून परतायची वाट शोधते आणि ब्रेक मधेच लागतात, मधेच सुटतात. मग घराबाहेर पडून पहिल्या कोपऱ्याच्या आत, चालण्याच्या वेगात, खटका एकदा ओढून पाहा. ओढ जाणवली तरच हायवेचा रस्ता धरा.